खालच्या कप्प्यातलं घड्याळ

गास्तों मामा घड्याळ विकत घेणार आहे, ही बातमी मला बेकरीत कळली. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता बेकरीवालीने विचारलं, "मामाची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का?"

"नाही, घड्याळ घेतोय म्हणे." मग आवाज उतरवून म्हणाली, "आपल्याकडचं."

आमच्या खोऱ्यात घड्याळाच्या धंद्यात नसलेली माणसं शोधायची तर ही बेकरीवाली आणि पाद्री एवढीच सापडतील, आणि पाद्र्याची बायको कारखान्यात तबकड्या तपासते. पण घड्याळ घेणारा कुणी सापडायचा नाही. घड्याळं खोऱ्याबाहेर जातात. ती जे घेतात त्यांना आम्ही गिऱ्हाईक म्हणतो आणि त्यांच्याविषयी जरा काळजीनेच बोलतो, जसं दूरच्या चुलत्याने या वयात मोटारसायकल घेतली की बोलावं. मामाच्या मनगटावर दूध संघाने नाताळात वाटलेलं प्लास्टिकचं घड्याळ आहे. तबकडीवर गाय आहे. ते अतिशय अचूक चालतं. हे मी स्वतः तपासलं आहे आणि कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते. घड्याळ गरम करायचं, गार करायचं, हलवायचं, उलटं ठेवायचं आणि ते किती पुढे गेलं, किती मागे पडलं, ते टिपायचं. मामाचं काम त्याहून जुनं. घड्याळाच्या आत चाकं जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्या कडा तिरक्या उतरवायच्या आणि जेन्शियन नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळक्या काडीने घासून आरशासारख्या करायच्या. बाहेरची वळणं यंत्रालाही जमतात. दोन कडा जिथे आत वळून एकमेकींना मिळतात तो कोपरा मात्र हातानेच करावा लागतो, आणि तो सुईच्या टोकासारखा यावा लागतो. असे कोपरे मामा उभा जन्म करत आला आणि महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता.

निवृत्त होणाऱ्याला एक घड्याळ निम्म्याहून कमी किमतीत घेता येतं, असा आमच्या कारखान्याचा नियम आहे. तरीही ती किंमत बऱ्यापैकी मोटारीएवढी होते, म्हणून हा हक्क सहसा कुणी वापरत नाही. लोक हसतात, निरोपाचे सॉसेज खातात, टोपी घेतात आणि घरी जातात.

"त्या पैशात बॉयलर येईल," त्या संध्याकाळी आई म्हणाली. आई मामाची थोरली बहीण. मामाने लग्न केलं नाही, त्यामुळे बाबा गेल्यापासून आम्ही तिघं एकाच घरात राहतो. "बॉयलर घर तरी गरम करतो. घड्याळ काय करतं?"

"वेळ दाखवतं, ताई."

"वेळ चर्च दाखवतं. फुकट. आणि तुला आंघोळ करतानाही ऐकू येतं."

मामाने सूपमध्ये पाव बुडवला. मग म्हणाला, "मी इतक्या पट्ट्या केल्या, त्यातली एकसुद्धा मला पुन्हा दिसली नाही. डॉक्टरला निदान पेशंट रस्त्यात भेटतो. मी केलं, डबा बंद झाला, गेलं. एक तरी घरी असावी. रविवारी दुपारी निवांत बघत बसता यावं."

"मग फोटो काढून घे."

"ताई, फोटोत तुझं नाक कसं येतं ते आठव."

आई उठून भांडी घासायला लागली. तिला पटलं नव्हतं, पण नाकाचा मुद्दा खरा होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मामा कॅफेत गेला, आणि मीही गेले, कारण आई म्हणाली, "जा, नाहीतर तो तिथेच दहा जणांच्या सल्ल्याने काहीतरी ठरवून येईल." तिथे ओदेत होती, जी स्क्रू तापवून निळे करते, आणि रने होता, जो काटे बसवतो. दोघांनी खुर्च्या ओढल्या.

"कुठलं घेतोस?" रनेने विचारलं.

"पातळ, तीन काट्यांचं, मागे काच असलेलं. मागून पट्ट्या दिसतात. कारखान्याच्या भांडारात, झाकारबाईंकडे, तीन आहेत. एक मागच्या हिवाळ्यातलं."

"ते घेऊ नकोस," ओदेत म्हणाली. "त्याचे स्क्रू मी केलेत."

"स्क्रू नेहमी तूच करतेस."

"मागच्या हिवाळ्यात जावई माझ्याकडे राहायला होता. मी ताटलीवर तापणाऱ्या स्क्रूकडे बघू की तो बाथरूममधून कधी निघतो ते बघू?"

"अगं, चांगले निळे आहेत. मी पाहिलेत."

"तुला निळे दिसतात. मला जांभळे दिसतात. आणि जावईही दिसतो."

"बरं, दुसरं जूनमधलं आहे."

रनेने ग्लास खाली ठेवला. "माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीचं."

"काटे सरळ आहेत की रे."

"सरळ आहेतच. पण तेव्हा मला प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायची. दोन काट्यांतला खरा काटा मी धरला, एवढं नक्की. दोन छिद्रांतलं खरं छिद्र कुठलं, ते मी अंदाजाने ठरवायचो."

बाहेरचा माणूस आमचं घड्याळ बघतो तेव्हा त्याला एक वस्तू दिसते. आम्हाला त्यात ओदेतचा जावई, रनेचा डोळा, कुणाचं पाठदुखीचं वर्ष, कुणाचा घटस्फोट असं सगळं दिसतं. म्हणूनच खोऱ्यात कुणी घड्याळ घेत नसावं, असं मला वाटतं.

"तिसरं खालच्या कप्प्यात होतं," मामा म्हणाला. "झाकारबाई दाखवायलाच तयार नव्हत्या. सहा वर्षांपूर्वीचं आहे. शरद ऋतूतलं."

"सहा वर्षांपूर्वीचं?" ओदेतचा चेहरा उजळला. "तेव्हा मला नात झाली. असे स्क्रू मी पुन्हा केले नाहीत. घे, डोळे मिटून घे."

"तेव्हा माझे दोन्ही डोळे शाबूत होते," रने म्हणाला. "आणि मी दारूही सोडली होती. थोडे दिवस."

"पण मग ते अजून इथेच कसं? विकलं का गेलं नाही?" मी विचारलं.

तिघांनी मिळून सगळे भाग आठवून पाहिले. तबकडी चांगली, चाकं चांगली, पेटी चांगली. दोष सापडेना, तेव्हा सगळे जरा अस्वस्थ झाले. मग ओदेत सहज म्हणाली, "आणि चाल कुणी लावली?" आणि म्हणताक्षणीच तिने तोंडावर हात ठेवला.

चाल लावायला, म्हणजे घड्याळ ना पुढे ना मागे असं चालतं करायला, त्या पातळ यंत्रासाठी आमच्याकडे एकच माणूस आहे. एद्गार ओबेर. ते त्या वेळी कॅफेच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते, आणि त्यांनी बराच वेळ पान उलटलेलं नव्हतं.

एद्गारकाकांचं घर आमच्या समोर, आणि कारखान्यात त्यांचं बाक मामाच्या मागे. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एका हिवाळ्यात एद्गारकाकांनी आपल्या अंगणातलं बर्फ यंत्राने उडवलं आणि ते गल्ली ओलांडून मामाने रचलेल्या सरपणावर पडलं. मामा म्हणाला, मुद्दाम केलं. काका म्हणाले, वारा होता. तेवढंच. तेव्हापासून दोघांना एकमेकांशी जे बोलायचं ते तिसऱ्या माणसाला सांगतात. कारखान्यात तो तिसरा माणूस म्हणजे ओदेत. घरी मी. "मिरेई, त्याला सांग, त्याचं मांजर आमच्या गच्चीत आहे," असं मामा म्हणतो, आणि काका तीन हातांवर मांजराला हाका मारत उभे असतात.

मामाने वाईन संपवली आणि टोपी घातली.

"त्याने लावलेल्या चालीचं घड्याळ मी मनगटावर बांधू?" घरी आल्यावर तो म्हणाला. "दिवसभर त्याची टिकटिक माझ्या नाडीवर?"

"नको बांधूस," आई आनंदाने म्हणाली. "बॉयलरवाल्याला उद्याच फोन करते."

"असं कसं नको? का नको ते सांगता आलं पाहिजे ना. बर्फावरून नाही घेतलं म्हणालो तर गाव हसेल." तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. "पण त्याच्या चालीतच खोट निघाली, तर गोष्ट वेगळी. मग मी ताठ मानेने नाही म्हणेन. खोट निघाली नाही, तर घेईन. मिरेई, तू ते घड्याळ सोमवारपर्यंत तपासायला आण."

झाकारबाईंनी घड्याळ दिलं, पण नाखुशीने. "ते कुणासाठी तरी मागे ठेवलं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि कुणासाठी ते सांगितलं नाही. सही माझी घेतली.

शुक्रवारी बाकी सगळे गेल्यावर मी मामादेखत ते यंत्रावर लावलं. यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि पडद्यावर रेघ काढतं. घड्याळ पुढे जात असेल तर रेघ वर चढते, मागे पडत असेल तर उतरते. ही रेघ पट्टीने मारल्यासारखी आडवी गेली. मी घड्याळ पालथं केलं, उभं केलं, आडवं केलं. रेघ तीच. इतकी वर्षं मी हे काम करते, पण अशी रेघ मी पाहिली नव्हती. पातळ घड्याळ एवढं शहाणं नसतं.

"तुझं यंत्र झोपलंय," मामा म्हणाला.

मी दुसऱ्या यंत्रावर लावलं.

"हेही झोपलंय."

शनिवारी सकाळी त्याने ते मनगटावर बांधून लाकडं फोडली. मग तळघरात चीजच्या शेजारी ठेवलं. मग ओव्हनच्या वरच्या फळीवर ठेवलं. दर वेळी मी मोजायचं.

"चीजपाशी घड्याळ का आहे?" आई तळघरातून ओरडली.

"तपासतोय!"

"चीजला विचारलंस का?"

मी मामाला सांगितलं, की काय सापडायला हवं ते आधीच ठरवून मोजायला बसलं तर मोजमापाला अर्थ राहत नाही. तो म्हणाला, "भिंग दे."

खिडकीपाशी आजोबांच्या वेळचं बाक आहे. तिथे बसून त्याने घड्याळ पालथं केलं, भिंग डोळ्यात धरलं आणि मागच्या काचेतून आत बघायला लागला. आधी तो चाल ठरवणाऱ्या तोलचक्राकडे बघत होता, म्हणजे एद्गारकाकांच्या कामाकडे, आणि पुटपुटत होता. हळूहळू पुटपुटणं थांबलं. मी पुस्तक वाचत होते. आईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं, कारण मामा गप्प झाला की तिला कळतं.

"सापडलं का काही?"

"हो."

"बघ! सांगत होते ना मी? एद्गारचं?"

"नाही," मामा म्हणाला. "माझं."

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. तोलचक्राच्या बाजूच्या पट्टीचा एक आतला कोपरा टोकदार नव्हता. गोल होता. गोल म्हणजे, कुठल्याही गिऱ्हाइकाला तो टोकदारच दिसला असता. मला दाखवल्यावर दिसला. मामाचा चेहरा मात्र भर चौकात पँट घसरल्यासारखा झाला होता.

"सहा वर्षांपूर्वी शरदात मला काय झालं होतं?"

आईने विचार केला. "दाढ. तू दातांच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हतास. लवंग धरून बसायचास."

"दाढ," मामा म्हणाला. "दाढेपायी हे असं."

"जाऊ दे रे. कुणाला दिसतंय?"

"कुणाला?" तो उभा राहिला. "चाल लावणारा पूर्ण यंत्र भिंगातून बघतो. कुठे काही खटकलं की लाल चिठ्ठी लावून भाग परत पाठवायचा, तो त्याचा धर्म आहे. मला असली चिठ्ठी कधी आली नाही. एकही नाही."

"मग एद्गारच्या लक्षात आलं नसेल."

"लक्षात आलं नसेल?" मामा एवढा चिडला की जणू आईने त्याच्याच कामाला नावं ठेवली. "एद्गारच्या? ताई, त्या माणसाला माशीच्या पायावरची धूळ दिसते! त्याने बघितलं. बघून सोडलं. सहा वर्षं माझ्या पाठीमागे बसून तो मला सोडतोय!"

रात्री त्याने सूप घेतलं नाही. प्रश्न आता सरळ राहिला नव्हता. चालीत खोट नाही, तर शब्द दिल्याप्रमाणे घड्याळ घ्यायला हवं. घेतलं, तर रविवारी दुपारी निवांत बघत बसायचं काय, तर तो गोल कोपरा आणि एद्गारची मेहेरबानी. न घेतलं, तर तो कोपरा दुकानात जाणार आणि जगात कुठेतरी त्याच्या नावावर हिंडणार.

"उद्या त्याच्याकडे जायचं," तो म्हणाला. "तूही चल. बोलायला."

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही गल्ली ओलांडली. गल्लीच्या पलीकडच्या कडेला बर्फाची भिंत होती, एद्गारकाका अकरा वर्षं आपलं बर्फ आपल्याच बाजूला रचतात ती. आम्ही तिला वळसा घालून गेलो. काकांनी दार उघडलं. अंगात एप्रन होतं, हातात बटाटा.

"मिरेई," मामा म्हणाला, "त्याला विचार, लाल चिठ्ठी का लावली नाही."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मामाच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उतरला.

"मिरेई, त्याला सांग, ते घड्याळ झाकारबाईंनी खालच्या कप्प्यातून बाहेर काढायला नको होतं."

"त्याला सांग, मी विचारलंय त्याचं उत्तर दे."

"त्याला सांग..." काकांनी बटाटा एप्रनच्या खिशात टाकला. "त्याला सांग, चिठ्ठीवर कारण लिहायचं असतं. 'कोपरा गोल.' खाली माझी सही. ते वाचून तो काय म्हणाला असता? म्हणाला असता, बर्फावरून सूड घेतोय. सगळा कारखाना तेच म्हणाला असता. दुसऱ्या कुणाचा कोपरा असता तर त्याच दिवशी परत पाठवला असता. त्याचाच म्हणून अडलो."

"त्याला सांग, हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे."

"त्याला सांग, मला माहीत आहे!" काका ओरडले. "आख्ख्या नोकरीत एक, फक्त एक घड्याळ मी खोटं पास केलं, आणि ते याच्यापायी! झोप लागायची नाही. विकायला निघालं की मी म्हणायचो, थांबा, चाल पुन्हा बघतो. परत मागवायचो. दर दोन महिन्यांनी. शेवटी झाकारबाई कंटाळल्या आणि म्हणाल्या, कामगारांच्या, खालच्या कप्प्यात टाकते. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो की मीच ते घेणार होतो."

एवढी आडवी रेघ कशी आली ते मला तेव्हा कळलं. सहा वर्षं दर दोन महिन्यांनी त्या माणसाने त्या घड्याळाची चाल लावली होती. विकलं जाऊ नये म्हणून.

"तू घेणार होतास?" मामा म्हणाला. हे तो थेट काकांना म्हणाला, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. "कोपरा माझा आहे!"

"पास मी केलंय!"

"आधी कोपरा, मग पास! मी घेणार."

"तुझ्यासाठी ठेवलं नव्हतं ते!"

"माझी चूक तू विकत घेणार? माझ्या चुकीवर तुझा काय हक्क?"

मी थंडीत उभी होते आणि माझे पाय गारठले होते. म्हणून म्हटलं, "कोपरा दुरुस्त का करत नाही? दोघंही इथेच आहात."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग एद्गारकाका दारातून बाजूला झाले.

मामा काडी आणायला घरी गेला आणि पळत परत आला. काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून बटाटे हटवले, पांढरं फडकं पसरलं आणि दिवा खाली ओढला.

"हे घड्याळ अजून कारखान्याचं आहे," मी म्हणाले. "आणि सही माझी आहे."

"तू गप्प बस," दोघं एकदम म्हणाले.

काकांनी घड्याळ उघडलं आणि पट्टी काढून मामासमोर ठेवली. मामा ती चिमट्यात धरून नुसताच बघत राहिला. मग काम सुरू केलं. काका खांद्यावरून बघत होते.

"अजून गोल आहे."

"माहीत आहे."

"डाव्या अंगाला."

"एद्गार, मी हे काम तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून करतोय."

"मग लवंग धरून का केलंस?"

मामाने भिंग काढलं. "तुला दाढेचं माहीत होतं?"

"तुझ्या मागे बसतो मी. महिनाभर वास येत होता."

कोपरा झाला. काकांनी तो तीन वेळा तपासला आणि तिसऱ्या वेळी काहीच बोलले नाहीत, तेव्हा मामाने काडी खाली ठेवली. मग काका घड्याळ जोडायला बसले, आणि इथे मामाने बर्फाचा विषय काढला.

"वारा होता म्हणालास."

"होताच. पश्चिमेचा."

"पश्चिमेचा वारा नेमकं माझं सरपण शोधतो?"

"तू गल्लीच्या कडेला रचलं होतंस! हातभर आत रचायला काय झालं होतं?" काकांचे हात जोडत होते आणि तोंड बोलत होतं. अकरा वर्षांचं बोलणं साचलं होतं. सरपणावरून ते मांजरावर आले, मांजरावरून गावाच्या पाण्याच्या बिलावर, तिथून रनेच्या डोळ्यावर. आई शोधत आली आणि तीही बसली. तिने उरलेले बटाटे सोलले. शेवटी काकांनी घड्याळ कानाशी धरलं, म्हणाले, "ठीक आहे," आणि झाकण लावलं.

सोमवारी सकाळी झाकारबाईंच्या खिडकीपुढे मामा आणि मी उभे होतो. काका मागे होते. आपलं तिथे काही काम नाही, असा चेहरा करून.

"घेणार की नाही?" झाकारबाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता नाही म्हणेल. घड्याळात आता कुठलीच खोट नव्हती, आणि ज्या घड्याळात खोट नाही ते गिऱ्हाइकाचं, अशी आम्हा सगळ्यांची मनातली समजूत आहे. त्याने ते खिडकीतून आत सरकवलंही. "जाऊ दे दुकानात," म्हणाला. "आता जायला हरकत नाही."

मागे काकांनी मोठा श्वास सोडला. सहा वर्षांनी.

"बरं," झाकारबाई म्हणाल्या. "मग जाण्याआधी एकदा बघून घेते." त्यांनी ते यंत्रावर लावलं.

रेघ खाली उतरत गेली. कुणीही ओळखलं असतं. दिवसाला चार सेकंद मागे.

झाकारबाईंनी चष्मा काढला. "एद्गार, हे तुम्ही लावलेलं ना?"

एद्गारकाका पुढे आले, पडद्याकडे बघत राहिले. चार सेकंद म्हणजे काही नाही. गाव सोडून कुठेही काही नाही. पण एद्गारकाकांच्या हातून असं घड्याळ निघाल्याचं कारखान्यात कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि ते कसं घडलं हे त्या खिडकीपाशी तिघांना माहीत होतं. घड्याळ जोडताना काका बोलत बसले होते.

"इकडे द्या," ते घाईघाईने म्हणाले. "दोन मिनिटांत करून देतो."

"थांबा, बाई," मामा म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता, ओदेतचा नातीच्या आठवणीने उजळला होता तसा. "ते मी घेतो."

"आत्ता तर नाही म्हणालात."

"आता हो म्हणतोय. लिहा माझ्या नावावर."

"मग एद्गारला चाल तरी लावून देऊ दे."

"चाल आहे तशी राहू दे. मला आवडली."

"गास्तों," काका म्हणाले, "असं करू नकोस."

"बाई, याला सांगा," मामा म्हणाला, "घड्याळ आता माझं आहे."

त्या दिवसापासून मामा ते रोज बांधतो आणि गाईचं घड्याळ त्याने खिशात ठेवलं आहे, वेळ बघायला. रविवारी दुपारी तो खिडकीपाशी बसून भिंगातून आपला कोपरा बघतो. आईने बॉयलरचं नाव काढायचं थांबवलेलं नाही. आणि संध्याकाळी जेवणाच्या सुमारास एद्गारकाका गल्ली ओलांडून येतात. बर्फाच्या भिंतीत त्यांनी माणूसभर वाट खणली आहे. त्यांच्या खिशात चिमटा असतो, ते आम्हाला दिसू देत नाहीत.

काल आले तेव्हा टोपी हातातच होती.

"आज किती?"

"चार," मामा म्हणाला, आणि बाही मनगटावर ओढून घेतली.

"दे. दोन मिनिटं लागतील."

"बघू."

"गास्तों, मला झोप लागत नाही."

"मलाही लागत नव्हती."

काका दारातच उभे राहिले. बाहेरची थंडी आत येत होती. आईने चौथं ताट मांडलं आणि पातेलं टेबलावर ठेवलं.

"एद्गार, दार लावा आणि बसा," ती म्हणाली. "तो आज काही देत नाही."

काकांनी दार लावलं, टोपी खुंटीला अडकवली आणि मामाच्या डाव्या हाताला बसले, जिथून मनगट जवळ पडतं.